जळगावची यादी धुळ्यात उघडताना

चोपड्याकडे केळी भरलेली गाडी शिरपूरमार्गे मुंबई-आग्रा महामार्गाला लागते आणि बिजासन घाट चढून दिल्लीच्या वाटेला जाते. त्या एका गाडीमागे पाच माणसं उभी असतात. बागायतदार, घड कापून गाडी भरून देणाऱ्या टोळीचा मुकादम, चालक, गाडी लावून देणारा ट्रान्सपोर्टवाला आणि आझादपूर मंडीतला आडत्या. काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी पळासनेरजवळ बंद पडली. मे महिना होता. धुळ्याच्या शाखेतला माणूस गाडीपाशी पोहोचला, पण दुसरी गाडी कोणाकडून मागवायची आणि आडत्याला कोणत्या नंबरवर कळवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते सगळं जळगावच्या कार्यालयात एका टेबलावरच्या आउटलुकमध्ये होतं आणि त्या टेबलाचा माणूस लग्नाला गेला होता. मी धुळ्याच्या माणसाला फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "त्याना नंबर मन्हाजोडे नही शे, भाऊ."

माल उन्हात बसला आणि खराब झाला. त्या कार्यालयाची मेलव्यवस्था मीच लावून दिली होती. कॉन्टॅक्टचा फोल्डरही मीच तयार केला होता. तो धुळ्याला उघडून द्यायचं काम मात्र पुढच्या चकरेवर ढकललं होतं. तेव्हापासून एकाच धंद्याची माणसं दोन गावांत बसत असतील, तर मी सगळ्यात आधी कॉन्टॅक्टच्या यादीचं बघतो. छपाईयंत्र आणि सही-शिक्क्याची मेल नंतर.

जळगाव आणि धुळ्यात नव्वदेक किलोमीटरचं अंतर आहे. मध्ये एरंडोल, पारोळा. डाळमिल असो, पाइपचा कारखाना असो की सूतगिरणीचा माल उचलणारी पेढी, एक पाय इकडे आणि एक तिकडे ही खान्देशातली नेहमीची मांडणी आहे. आणि बहुतेक ठिकाणी नंबरांची देवाणघेवाण चालते ती व्हॉट्सॲपवरून. कोणीतरी विचारतो, कोणीतरी कार्ड पाठवतो, घेणारा ते आपल्या फोनमध्ये जतन करतो. वरकरणी काम झालं. प्रत्यक्षात एकाच नंबराच्या सात नकला सात फोनांत तयार झाल्या. आडत्यानं नंबर बदलला की त्यातली एक सुधारते आणि सहा चुकीच्या राहतात. वर्षातून एकदा एक्सेलची यादी मेलनं पाठवणं हाही तोच प्रकार. फोल्डर शेअर करणं म्हणजे यादी एकाच जागी राहते आणि सगळे तीच उघडून बघतात. जळगावनं सकाळी केलेली दुरुस्ती धुळ्याला दुपारी दिसली पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण निम्मे लोक इथेच अडतात. तुमचं मेलखातं कोणत्या जातीचं आहे? संगणकावर आउटलुक दिसतं म्हणून शेअर करण्याची सोय असेलच असं नाही. वेबसाइट करून देणाऱ्यानं सोबत दिलेला पत्ता पॉप किंवा आयमॅप पद्धतीनं लावला असेल, तर मेल सर्व्हरवरून येतात, पण कॉन्टॅक्ट त्याच संगणकाच्या डिस्कवरच्या एका फाइलमध्ये (पॉपला ती पीएसटी असते) पडून असतात. ते शेअर करायला मागे कोणी सर्व्हरच नसतो. अशा वेळी काही जण ती पीएसटी फाइल कार्यालयाच्या सामाईक ड्राइव्हवर ठेवतात आणि दोन संगणकांवरून उघडायला बघतात. कृपा करून हे करू नका. पीएसटी एका वेळी एकालाच उघडता येते, नेटवर्कवरून ती वापरणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, आणि फाइल बिघडली की त्यातल्या मेलसुद्धा जातात. शेअर करायचं तर एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट 365 चं कामाचं खातं हवं, आणि दोन्ही गावांचे पत्ते एकाच संस्थेच्या खात्यातले हवेत.

खातं तसं असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. संगणकावर बसवलेल्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमधली पद्धत सांगतो. नव्या रूपातल्या आउटलुकचे आणि ब्राउझरमधल्या आउटलुकचे मेनू वेगळे आहेत. डावीकडे पीपल हा विभाग उघडा. तिथे आधीपासून असलेल्या कॉन्टॅक्ट्स या मूळ फोल्डरला हात लावू नका. त्यात तुमचे डॉक्टर, मुलाच्या शाळेच्या बाई आणि सासरची मंडळीही असतात. त्यावर राइट क्लिक करून नवा फोल्डर तयार करा आणि धंद्याचे नंबर तेवढे त्यात हलवा. मग या नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर आणि पुढे शेअर कॉन्टॅक्ट्स निवडा. एक मेल उघडेल. त्यात धुळ्याच्या सहकाऱ्याचा पत्ता घाला. मजकुराच्या वर एक चौकट दिसते: समोरच्याला नोंदी घालता, बदलता, पुसता याव्यात का? ती रिकामी ठेवली तर तो फक्त वाचू शकेल. मेल पाठवा. धुळ्यात ती उघडली की फोल्डर उघडण्याचं बटण मिळतं, आणि एकदा उघडल्यावर तो तिथल्या पीपलमध्ये शेअर्ड कॉन्टॅक्ट्सखाली कायम दिसतो.

आमंत्रणाची ही मेल पुसू नका असं मी धुळ्याच्या माणसाला मुद्दाम सांगतो. फाइल मेनूतून दुसऱ्याचा फोल्डर उघडायची जी वाट आहे, तिच्यातून समोरच्याचा मूळ कॉन्टॅक्ट्स फोल्डरच उघडतो. तुम्ही वेगळा केलेला फोल्डर त्या वाटेनं सापडत नाही. मग माणूस म्हणतो, "मला तर परवानगीच दिलेली नाही." परवानगी असते, दार चुकलेलं असतं.

आता कोणाला किती हक्क द्यायचा हे ठरवा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, असं गेलात की पायऱ्या दिसतात. रिव्ह्यूअर फक्त वाचतो. ऑथर नव्या नोंदी घालतो आणि आपण घातलेल्याच बदलतो किंवा पुसतो. एडिटर कोणाचीही नोंद बदलू शकतो, पुसू शकतो. ओनर हक्कसुद्धा वाटू शकतो. माझं मत असं की प्रत्येक गावात एडिटर एकच असावा आणि बाकी ज्यांना रोज नवीन माणसं भेटतात, म्हणजे खरेदीवाले आणि वसुलीवाले, त्यांना ऑथर करावं. चारचौघांना एडिटर केलं की कोणीतरी "हा नंबर लागत नाही" म्हणून नोंद पुसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच नंबर दुसऱ्याला हवा असतो. त्याच परमिशन्सच्या यादीत सगळ्यात वर डिफॉल्ट नावाची ओळ असते. ती नन वरच राहू द्या. तिथे रिव्ह्यूअर निवडलंत तर संस्थेतल्या प्रत्येकाला यादी उघडी झाली.

आणि पुसलेली नोंद शोधायची वेळ आलीच तर आधी पुसणाऱ्याच्या संगणकावर बघा. धुळ्याच्या एडिटरनं जळगावच्या फोल्डरातली नोंद पुसली तर ती साधारणपणे धुळ्याच्या डिलीटेड आयटम्समध्ये जाते. जळगावचा माणूस दिवसभर आपला कचरा चाळत बसतो आणि हाती काही लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

शेअर करण्याआधी प्रत्येक नोंदीखालची नोट्सची चौकट वाचून काढा. आपल्याकडे तिचा वापर खतावणीसारखा होतो. "चेक दोनदा परत", "भावाशी वाटणीचा वाद चालू", "संध्याकाळनंतर फोन करू नये." लिहिणाऱ्यानं हे स्वतःसाठी लिहिलेलं असतं. फोल्डर शेअर झाला की हे सगळं पलीकडे दिसतं, वाचायचाच हक्क दिला असला तरी. नोंदीवर प्रायव्हेटची खूण करता येते, पण तिच्यावर विसंबू नका. दुसऱ्या एखाद्या मेलप्रोग्राममधून ती नोंद उघडू शकते. लपवायचं ते त्या फोल्डरात ठेवूच नये. दुसऱ्याचा नंबर आणि पत्ता ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ती नीट सांभाळण्याची जबाबदारी धंदेवाल्यावर टाकली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाबद्दल लिहिलंय तो उद्या धुळ्याच्या टेबलासमोर बसला असेल आणि पडदा त्याच्याकडे वळलेला असेल, एवढा विचार पुरे.

खरा वेळ जातो तो नावांत. खान्देशातली कुठलीही यादी उघडा, त्यात पाटील, चौधरी, महाजन यांच्या रांगा असतात. एका जिनिंगच्या कार्यालयात नुसते "पाटील" असे एकोणीस निघाले होते. त्याशिवाय आबा, नाना, अप्पा, भाऊसाहेब. "नाना शिरपूर" हे ज्यानं जतन केलं त्याला पुरेसं असतं. शेजारच्या टेबलाला त्याचा काही उपयोग नाही, कारण शिरपुरात नाना एकच नाही. म्हणून नोंदीचा क्रम एकदा कागदावर ठरवा आणि तो दोन्ही कार्यालयांच्या भिंतीवर लावा. मी आडनाव, नाव, गाव आणि काम असा क्रम ठेवतो: पाटील, मग स्वतःचं नाव, मग शिरपूर, मग जिनिंग. आउटलुकमध्ये फाइल ॲज नावाची चौकट असते. यादीत नोंद कुठे लागायची हे तीच ठरवते, म्हणून क्रम तिथे पाळा. ज्याला सगळे नाना म्हणतात त्याचं नाना हे नावही टोपणनावाच्या चौकटीत जरूर लिहा. फोनवर "नानांशी बोलायचंय" म्हणणारा माणूस त्यांचं कागदावरचं नाव सांगणार नाही, आणि वडीलधाऱ्या माणसाला पहिल्याच वाक्यात त्याच्या ओळखीच्या नावानं हाक मारली की पुढचं बोलणं सोपं जातं.

गावांच्या नावांचाही असाच घोळ आहे. जुन्या याद्यांत धुळ्याचं इंग्रजी स्पेलिंग कधी धुलिया असं असतं, तर कधी धुळे. मुक्ताईनगर काही ठिकाणी अजून एदलाबाद आहे. नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा जिल्हा झाला, तरी शहादा-तळोद्याच्या व्यापाऱ्यांपुढे जिल्हा धुळे असं लिहिलेलं मी दर वर्षी बघतो. एक स्पेलिंग, एक नाव ठरवून घ्या, नाहीतर शोधताना अर्धी यादी दिसते आणि उरलेली अर्धी नाहीच असं वाटतं.

शाखांमध्ये यादी वाटायची असेल तर पिनकोडावर जाऊ नका. एका कार्यालयानं 425 नं सुरू होणारे सगळे जळगावला आणि 424 नं सुरू होणारे धुळ्याला असं केलं होतं. ऐकायला बरोबर, कारण जळगाव 425001 आणि धुळे 424001. पण शिरपूर धुळे जिल्ह्यात असूनही 425405 आहे, आणि चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असूनही 424101. शिरपूरचे सगळे व्यापारी जळगावच्या वाट्याला गेले आणि धुळ्याचा माणूस आपल्याच उंबऱ्यावरच्या लोकांचे नंबर शोधत बसला. तालुक्याचं नाव कॅटेगरीत लिहिणं बरं. कॅटेगरीला दिलेला रंग तुमच्या मेलबॉक्सपुरता असतो, धुळ्यात तो तसाच दिसेल असं धरून चालू नका. नाव मात्र नोंदीसोबत जातं.

पॉप-आयमॅपवाल्यांना, आणि जुनी यादी नव्या खात्यात भरणाऱ्यांना, सीएसव्ही फाइलची वाट घ्यावी लागते. या वाटेवर दोन अपघात ठरलेले आहेत. पहिला फाइल एक्सेलमध्ये उघडताना. जळगावचा एसटीडी कोड 0257, धुळ्याचा 02562. एक्सेल त्याला आकडा समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. 91 लावलेला मोबाइल नंबर बारा अंकी होतो, तो एक्सेल 9.19 आणि पुढे ई असा मुरडून दाखवतं, आणि तसाच जतन केला की शेवटचे अंक कायमचे जातात. फाइलवर डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलमधून आयात करा आणि नंबरांचे स्तंभ टेक्स्ट म्हणून निवडा. दुसरा अपघात देवनागरीचा. जुनं आउटलुक सीएसव्ही काढताना मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकू शकतं. म्हणून हजार नावं एकदम हलवू नका. पाच नावांची फाइल करा, ज्यात एक नाव देवनागरीत असेल आणि एक नंबर 0257 नं सुरू होत असेल. ती दुसऱ्या टोकाला उघडून बघा, मगच पुढे.

आता यादी कोणाच्या नावावर ठेवायची? माझ्या दृष्टीनं याचं उत्तर आपल्या पेढ्यांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. दिवाणजी बदलायचे, वही पेढीवरच राहायची. लक्ष्मीपूजनाला पूजा व्हायची ती पेढीच्या वहीची. मेलमध्ये मात्र आपण वही एकेका दिवाणजीच्या कपाटात ठेवली. फोल्डर ज्याच्या मेलबॉक्समध्ये आहे तो नोकरी सोडून गेला आणि खातं काढून टाकलं की फोल्डर धुळ्यातूनही नाहीसा होतो. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये काढलेलं खातं 30 दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर काही उरत नाही, आणि हिशेब बघणाऱ्याला खातं कधी बंद केलं याची आठवण बहुधा एकतिसाव्या दिवसानंतर होते.

यावर उपाय शेअर्ड मेलबॉक्सचा. ॲडमिन तो तयार करू शकतो, 50 जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि तो कोणा माणसाचा नसतो, "डिस्पॅच" किंवा "खरेदी" अशा कामाचा असतो. त्यातच कॉन्टॅक्ट ठेवा आणि ज्यांना हवं त्यांना त्या मेलबॉक्सचे हक्क द्या. माणूस आला की हक्क द्यायचा, गेला की काढायचा, यादी जागची हलत नाही. कोणी राजीनामा दिला असेल तर त्याचं खातं पुसण्याऐवजी शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदलून घेता येतं. अशा वेळी पहिला फोन ॲडमिनला करावा. आणि जाणाऱ्या माणसाशी नीट बोलून घ्यावं, त्याच्याकडून शेवटच्या आठवड्यात यादी एकदा वाचून घ्यावी. कोणता नंबर जिवंत आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

गुगलचं वर्कस्पेस वापरणाऱ्यांसाठी वाट वेगळी आहे. गुगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबपानावर सेटिंग्जमध्ये आपल्या यादीसाठी प्रतिनिधी नेमता येतो, ॲडमिननं ती सोय चालू ठेवली असेल तर. पण एखादं लेबल तेवढं वेगळं काढून देता येत नाही. प्रतिनिधीला तुमची सगळी यादी दिसते. म्हणून तिथेही कामाच्या नावाचं एक खातं करावं, त्यात फक्त धंद्याचे नंबर ठेवावेत आणि त्याचे प्रतिनिधी दोन्ही गावांत नेमावेत.

दोन गोष्टी लोकांना सांगून ठेवाव्या लागतात, नाहीतर दोष फोल्डरला लागतो. मेल लिहिताना दोन अक्षरं टाइप केली की खाली जे पत्ते सुचतात ते तुमच्या कॉन्टॅक्टमधलेच असतात असं नाही. ती आधी पाठवलेल्या मेलांची आठवण असते. फोल्डरात पत्ता सुधारला तरी ती जुनाच सुचवत राहते. त्या ओळीपुढची फुली दाबून जुना पत्ता काढून टाका. दुसरं, आउटलुकमध्ये दुसऱ्यानं शेअर केलेला फोल्डर तुमच्या मोबाइलच्या फोनबुकात उतरत नाही. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात उभ्या असलेल्या माणसाला तो हाताशी लागणार नाही. फिरतीवरच्या लोकांना रोज लागणारे वीस-पंचवीस नंबर ॲडमिनकडून संस्थेच्या सामाईक यादीत घालून घ्यावेत. ती मोबाइलवरच्या आउटलुकमध्ये शोधता येते.

सगळं लावून झालं की मी जळगावच्या माणसाला त्याचा संगणक बंद करून बाहेर चहाला पाठवतो. मग धुळ्याला फोन लावतो आणि तीन नंबर मागतो: आझादपूरचा आडत्या, शिरपूरचा गाडीवाला, आणि चोपड्याचे नाना. शेवटच्या वेळी तिसऱ्या नंबराला पाऊण मिनिट लागलं. टोपणनावाची चौकट कोरी होती. ती भरली, जळगावच्या माणसाला आत बोलावलं आणि पारोळ्याची बस पकडली.